भंगारात न गेलेला अ‍ॅम्प्लिफायर

मंडळी, आज लातूरच्या एका दुकानदाराने माझ्या नवऱ्याचा गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडूनही न बघता सांगितलं, "आजी, याच्या काचेच्या नळ्या आता मिळत नाहीत. भंगारात द्या." मी तुझी आजी कधी झाले रे?

पक्षाघातानंतर यांची बोटं तारेला जेमतेम लागतात. अ‍ॅम्प्लिफायरशिवाय ते सूर त्यांनाही ऐकू येत नाहीत. तो बंद पडल्यापासून गिटार नुसती भिंतीला टेकून होती.

दुपारी औशाहून नणंद आली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आमचं कधी पटलं नाही.

"वयनी, लाईट बंद करा. अन् तोंड बी."

तिने मागची फळी काढून अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. अंधारात बाकीच्या नळ्या लालसर पेटल्या, एक पेटलेली दिसेना. प्लग काढून, नळ्या निवल्यावर तिने ती आणि शेजारची तशीच नळी यांची अदलाबदल केली अन् पुन्हा चालू केलं. आता ती पेटली, पण तिच्या जागी आलेली पेटेना.

"नळी चांगली हाय. ती बसती ते सॉकेट ढिलं झालंय."

सॉकेटच्या पट्ट्या तिने साफ करून आवळल्या.

आत्ता हे वाजवताहेत. चुकतंय, पण मला स्वयंपाकघरात ऐकू येतंय.

नणंदेचे जाहीर आभार. स्क्रीनशॉट काढून ठेवा. ती जेवायला थांबली आहे आणि माझ्या हातचं तिला काहीच आवडत नाही. काय करू? लवकर सुचवा.