मी हात वर केला नाही

कॉलेजात मला मान कशासाठी मिळाला ते मला तेव्हा कळलं नाही. आजही सगळं कळलंय असं म्हणवत नाही. मी चौथी शिकले. त्यापुढचं आयुष्य तळ्यात मासे धरण्यात आणि गोंडपिपरीच्या बाजारात विकण्यात गेलं.

एक मॅडम चंद्रपूरच्या कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवायच्या. लागोपाठ दोन उन्हाळे त्या आमच्या तळ्यावर येत होत्या. चपला हातात घेऊन चिखलात उतरायच्या आणि आम्हा बायांना विचारायच्या, ही मासळी कोणती, अंडी कधी घालते, पूर्वी किती मिळायची. मी बडबडी, म्हणून मलाच जास्त विचारायच्या. त्यावर त्यांनी जाड पुस्तक लिहिलं आणि त्यांना मोठी पदवी मिळाली.

मग एक दिवस त्या पत्र घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, देशभर पसरलेली एक संस्था आहे. विद्यापीठातल्या पहिल्या नंबराच्या पोरापोरींना ती सभासद करून घेते. तिची शाखा आता आमच्या कॉलेजात निघतेय. पहिल्या दिवशी चार नामवंतांना मानाचे सभासद करतात, त्यांत तुमचं नाव आहे.

"मी काय केलं?" मी विचारलं.

"तुम्ही मासे सांगितले."

"मासे तं साऱ्याच बाया सांगतेत."

"मावशी, तुमच्या नावासाठी मी भांडले. चौथी शिकलेली बाई कशाला, असं कॉलेजातले बाकीचे म्हणत होते. माझी नोकरी अजून पक्की नाही. ज्यांच्या हातात आहे तेच अध्यक्ष म्हणून येणार आहेत. माझी मान खाली जाईल असं काही करू नका."

मी हो म्हटलं. मान म्हणजे शाल-नारळ घेऊन खाली उतरायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॅडमना मी सगळं खरं सांगितलं नव्हतं. आमच्या तळ्यात एक मासळी आहे. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही. दुसरीकडे ती उरली नाही, पण तळ्याच्या एका कोपऱ्यात, बेशरमीच्या झुडपांमागे, ती अजून अंडी घालते. मॅडम येण्याच्या कितीतरी आधी एक जीपवाला असाच वही घेऊन आला होता. आम्ही भोळेपणानं सगळं सांगितलं. पुढच्या साली ठेकेदाराचं मोठं जाळं आलं आणि तळं खरवडून नेलं. चार वर्षं आम्हाला नुसते झिंगे मिळाले. तेव्हा आम्ही अकरा बायांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली, की वहीवाला कोणीही येवो, ती मासळी संपली असंच सांगायचं. मॅडमनाही मी तेच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या पुस्तकात त्यावर एक अख्खा धडा आहे हे मला नंतर कळलं.

समारंभाला कॉलेजची जीप न्यायला आली. माझ्यासोबत माझी धाकटी जाऊ होती. तीही त्या अकरांतली. बल्लारपूर आलं तशी तिनं कागद कारखान्याच्या वासानं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "बाई, तुले खुर्ची देतीन. पाय वर घेऊन नको बसजो."

"तू खाली बसून तोंड बंद ठेव," मी म्हटलं.

खुर्ची मिळाली. माझ्या एका बाजूला निवृत्त प्राचार्य, दुसऱ्या बाजूला एक डॉक्टरीण, तिच्यापलीकडे जंगलखात्याचे साहेब. अध्यक्ष मधोमध. समईची वात वाऱ्यानं विझत होती, ती तीनदा लावली. मग सगळं इंग्रजीत सुरू झालं. माझं नाव दोनदा आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही वाजवल्या. जावेनं पहिल्या रांगेत कपाळावर हात मारला. प्राचार्य माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, आपल्यासाठी आपण वाजवायच्या नसतात." हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

शाल झाली, नारळ झाला. मी उतरायला उठले तर मॅडमनी खुणेनं थांबवलं. अध्यक्ष एक कागद घेऊन उभे राहिले. सगळ्यांनी उजवा हात वर केला. पोरापोरींनी, मॅडमनी, प्राचार्यांनीसुद्धा. अध्यक्ष एक ओळ म्हणायचे आणि सगळे तीच ओळ मागून म्हणायचे. मी हात खालीच ठेवला.

अध्यक्ष थांबले. "बाई, हात वर करा. शपथ आहे."

"कशाची?"

लोक हसले. मॅडमचा चेहरा उतरला. त्या पटकन माइकजवळ आल्या. "मावशी, चांगलीच आहे. तुम्ही नुसतं म्हणा."

"काय म्हणू ते तं सांगा. शपथ हाय का खेळ हाय?"

मग मॅडमनी कागद बघत मराठीत सांगितलं, "मी ज्ञानाशी प्रामाणिक राहीन. मला जे माहीत आहे ते मी कोणापासून लपवणार नाही आणि कोणाला खोटं सांगणार नाही."

मी जावेकडे पाहिलं. तिचं हसू गेलं होतं. तिनं मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

माझं डोकं चालेना. ही शपथ घेतली तर ती तळ्यावरची मोडते. नाही घेतली तर मॅडमची मान खाली जाते, आणि नोकरीही. तोंडानं म्हणायचं आणि मनात सोडून द्यायचं, असं लोक करतात हे मला ठाऊक आहे. आमच्यात शपथेचं तसं चालत नाही, मोडली तर लेकराबाळांवर येते. इतकी माणसं हात वर करून उभी होती. त्यांच्यातल्या कोणाकडेच लपवायचं काही नव्हतं का, हेही मला कळेना.

"हे मले म्हणता येत नाई," मी म्हटलं. "शाल पायजे तं परत घ्या."

जंगलखात्याचे साहेब छताकडे बघायला लागले. अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मला ती नजर आवडली नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे, बसा," आणि पुढची ओळ म्हटली. बाकीच्या तिघांना छातीवर बिल्ला लावला. मला लावला नाही.

परतताना मॅडम आम्हाला सोडायला जीपमध्ये बसल्या. कोठारी येईपर्यंत त्या शपथेचा कागद घडी घालत आणि उलगडत होत्या. मग म्हणाल्या, "त्यात अडचण काय होती, मावशी? तुम्ही कुणाला खोटं सांगितलंय?"

मी मांडीवरचा नारळ फिरवत राहिले.

"मला?"

जाऊ मधेच म्हणाली, "मॅडम, बाईले उलटी होऊन राह्यली, बोलू नका." मला काही होत नव्हतं.

मॅडम माझ्याकडे वळून बसल्या आणि एकेक मासळीचं नाव घ्यायला लागल्या, पुस्तकात होती त्याच क्रमानं. मरळ. शिंगूर. टेंगणा. मी त्यांच्याकडे बघत होते. दहा-बारा नावं झाली. मग त्या मासळीचं नाव आलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. मी सांगितलं नाही, तोंड फक्त वळवलं. शपथ मोडली की राहिली ते तळ्यालाच ठाऊक.

"आहे?" मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "अजून आहे?"

गावात उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हे दुसऱ्या कोणाला सांगू नका." सकाळी त्यांनीच हात वर केला होता. ही बाई आता रागावली आहे, भ्याली आहे की आमच्या बाजूनं आहे, मला काही उमजेना.

जाऊ घरी येऊन म्हणाली, "तू सांगतलं."

"नाई सांगतलं."

"मंग तिले कसं समजलं?"

"मोठी पदवी हाय तिच्याजवळ," मी म्हटलं. जाऊ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मॅडमची नोकरी त्या साली पक्की झाली नाही, त्याच्या पुढच्या साली झाली. माझ्यामुळे उशीर झाला का, मी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्या एकदा एकट्याच एसटीनं आल्या. वही नव्हती. मी त्यांना कोपऱ्याकडे नेलं नाही आणि त्यांनीही कुठे जायचं ते विचारलं नाही. बांधावर बसून त्यांनी चहा घेतला. पाणी यंदा किती दिवस पुरेल एवढंच विचारलं आणि चारच्या गाडीनं गेल्या.

पुस्तकात ती मासळी अजून संपलेलीच आहे, असं त्यांच्या एका विद्यार्थिनीनं मला पुढे सांगितलं. तिनं मलाच विचारलं, ते खरं का? मी म्हटलं, मॅडमनी लिहिलं असेल तर खरंच असेल.