बेटावर सीट फुल!

स्टाफरूममध्ये किस्से कसे साचतात ते कळतही नाही. चहा येईपर्यंत एक, परीक्षेचे पेपर तपासताना दोन. आमच्या शाळेत हसण्यासारखे किस्से पुष्कळ आहेत. पण ते संपले की कोणीतरी हळूच बेटाचा विषय काढतं, आणि मग आम्ही सगळे चहाच्या कपात बघत बसतो. लाज वाटते हो, दुसरं काय!

रविवारी मोहर्लीच्या सफारी गेटवर पाय ठेवायला जागा नसते. वाघ एक आणि जिप्सी शंभर! म्हणून आमच्या बोरकर सरांनी तिथून थोडं आडबाजूला एका धरणाच्या पाण्यातलं बेट शोधून काढलं. "गर्दी नाई, तिकीट नाई, वाघबी नाई!" सर म्हणाले. आम्ही लगेच तयार.

*

पहिल्याच ट्रिपला नावाडी रामदासभाऊ सरांना म्हणाले, "सर, माय येतो म्हणते. बेटावर पाय टेकवून येईन, बस. माह्या डोंग्यात बसाले ते भेते, अन् ही मोठी बोट ठेकेदाराची. बुकिंग तुमचं, तुमी हो म्हटलं तरच तिले नेता येते."

त्यांची आई, अंजनाबाई, काठावर उभ्याच होत्या.

"सीट फुल आहे, बाई," सर म्हणाले.

खोटं नव्हतं. शेवटच्या सीटवर आमचा साउंड बॉक्स होता. पाण्यात पडला तर काय, म्हणून सरांनी त्याला लाइफ जॅकेटही घातलं होतं!

अंजनाबाईंनी नीट निरखून पाहिलं. "घाला बापा, घाला. त्याले पोहता येत नसन!"

आम्ही खूप हसलो. तेव्हा हसलो.

*

बेटावर पोचलो. बॉक्स फुल आवाजात सुरू! झाडावरचे सगळे बगळे एकदम उडाले. गवतावर पाय पसरून सर ओरडले (ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं), "काय शांतता आहे ना इथी!"

रामदासभाऊ बोट बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "होती, सर."

*

मग वनमाला मॅडमची रील. त्या आमच्याकडे भूगोल शिकवतात. एका सपाट दगडावर उभं राहून, ओढणी उडवत त्या म्हणाल्या, "फ्रेंड्स, इथे आजवर कोणी राहिलेलंच नाही! एकदम अनटच्ड आयलंड!"

लाइक्स धडाधड आले. रात्री एका अनोळखी पोराची कमेंट आली: "मॅडम, तुम्ही जिथी उभ्या हा ना, ते आमची न्हाणी होती."

मॅडमनी रील डिलीट केली. सोमवारी सरांनी रामदासभाऊंना फोन लावला तेव्हा कळलं, की धरणात अख्खं गाव बुडालं आणि त्याची उंचावरची एक आळी तेवढी वर राहिली. तेच आमचं बेट. अंजनाबाई लग्न होऊन त्याच आळीत आल्या होत्या. गाव उठल्यापासून त्यांचा पाय तिथं लागला नव्हता.

"पुढच्या खेपेला मायले पहिली सीट!" सरांनी फोनवरच शब्द दिला.

*

पुढच्या खेपेला शिक्षण खात्यातले एक साहेब सहकुटुंब आले!

अंजनाबाई नवं लुगडं नेसून सकाळपासून काठावर बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याजवळ जाऊन आवाज एकदम बारीक केला. "बाई, आज जरा... पुढच्या रविवारी पक्कं."

"जा ना बापा. मी कुठी पळून राह्यली?"

संध्याकाळी परत आलो तर बाई तिथंच! साहेबांनी विचारलं, "ही म्हातारी अजून बसलेलीच? कोण आहे ही?"

रामदासभाऊ दोरी गुंडाळत होते. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

"बसली असेल, साहेब," सर म्हणाले, "कोणाची तरी वाट पाहत."



*

आणि हा किस्सा गेल्या रविवारचा. साउंड बॉक्स नाही, साहेब नाहीत. अंजनाबाई बोटीत सगळ्यात पुढे.

बोट टेकली तशा त्या लेकाचा हात झिडकारून एकट्याच उतरल्या. आता रडतील, असं आम्हाला वाटलं. वनमाला मॅडमचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला आणि परत आला.

बाईंनी पिशवीतून लोटा काढला, धरणाच्या पाण्यात बुडवून भरला, गवतातून थोडं वर चढल्या आणि वळल्या.

"थांबा! तसेच नका येऊ वर!"

आता बोलणी बसणार. बसायलाच हवी होती. बोरकर सरांनी हात जोडले. "बाई, चुकलं आमचं."

"ते मंग पाहू. पहिले पाय धुवा," बाई म्हणाल्या आणि सरांच्या पायांवर पाणी घातलं. "पाव्हणे हा तुमी. घरी आलेल्याले असंच आत घेत असते का?"

एकेकाचे पाय धुऊन झाले. मग बाई समोरच्या नुसत्या गवताकडे हात करून म्हणाल्या, "या. डोस्कं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे."

सहा फुटी बोरकर सर वाकले. त्यांच्यामागून आम्हीही एकेक करून वाकून आत गेलो.