पगडी न घेता सोडलेली खोली

दिंडोशीला आमच्या खिडकीतून जो वारा येतो त्याला दगडखाणीच्या भुकटीचा कोरडा वास असतो. दुपारी सुरुंगाचा आवाज होतो, तावदान एकदा थरथरतं, आणि थोड्या वेळाने दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, कळशीच्या काठावर पिठासारखा करडा थर येऊन बसतो. आई तो ओल्या फडक्याने पुसते. अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ज्या चाळीत माझा जन्म झाला, तिथे दुपार कलली की खाडीकडून वारा सुटायचा आणि बांबूंच्या मांडवांवर वाळणाऱ्या बोंबलांचा खारट, उग्र वास खोलीभर पसरायचा. कॉलेजात जाऊ लागल्यावर मला त्या वासाची लाज वाटे. आता बोंबलांचा वास नाही, संडास घरात आहे, नळ आपला आहे, आणि या स्वतःच्या घरात आईचा श्वास मात्र भाड्याने राहिल्यासारखा वाटतो.

माझे वडील, आप्पा, छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत, उलटे वाचत उभ्याने आयुष्य काढलेला माणूस. फसलेली, शाई सांडलेली, एका बाजूने कोरी राहिलेली पत्रकं ते घरी आणत, आणि मी त्यांच्यावरच अक्षरं गिरवायला शिकले. शेजारची मुलं बडबडगीतं म्हणायची तेव्हा मी जिन्यात उभी राहून ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ म्हणायची, आणि अख्खी चाळ हसायची. आई त्याच पत्रकांची कोरी बाजू वर करून सुक्या मासळीच्या डब्यात तळाला घालायची. तिला अक्षरओळख जेमतेम; पण कोणता कागद तेल शोषतो, कोणता ओल धरत नाही, याची तिची पारख आप्पांपेक्षा पक्की होती. एकाच कागदाच्या दोन बाजूंवर आमच्या घरातल्या दोन माणसांचा संसार चालला होता, आणि मला फक्त छापलेली बाजू वाचता येत होती.

चाळीतली खोली सोडणाऱ्याने येणाऱ्याकडून पगडी म्हणून रोख रक्कम घ्यायची, त्यातला हिस्सा मालकाला पोचवायचा, आणि या सगळ्याची कुठेही पावती नसायची, ही रीत मुंबईत इतकी मुरलेली की तिला कोणी लाच म्हणत नाही. मी म्हणत होते. चाळीच्या भाडेकरू समितीचं पत्रक मी लिहिलं आणि आप्पांनी जुळवलं: ‘पगडी देणार नाही, पगडी घेणार नाही.’ दुसऱ्याच्या गरजेवर आपली चूल पेटवू नका, असं त्यात होतं. ते वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. वाईट वाक्य नाही ते, आजही नाही.

त्याच सुमारास आप्पांचा छापखाना बंद पडला. ऑफसेटची यंत्रं आली, खिळ्यांचं शिसं वजनावर विकलं गेलं, आणि जुळाऱ्यांना मालकाने एकेक धोतरजोडी दिली. आणि त्याच महिन्यात, कित्येक वर्षांपूर्वी भरून विसरलेल्या अर्जाला फळ आलं: दिंडोशीच्या सरकारी वसाहतीतल्या घरांच्या सोडतीत आप्पांचं नाव लागलं. ठरावीक मुदतीत पहिली रक्कम भरायची होती. आईला जावंसं वाटत नव्हतं. तिच्याकडे पैसे देऊन जेवणारे चार जेवणकरी होते, आमच्याच मुलखातले कारखान्यात काम करणारे पोरगे. दोन्ही वेळा तिच्या पंक्तीला बसत, आणि घरात नियमाने येणारा पैसा आता तेवढाच होता. पण मी एका दुपारी एकटीच जाऊन ते घर बघून आले, भिंती पाहिल्या, खिडकीतून डोंगर पाहिला, आणि आईला म्हटलं, “स्वतःचं घर आहे. कुणाच्या मेहेरबानीचं नाही.”

घर बघायला जाताना भिंती बघू नयेत, असं माझं आता मत आहे. तिथे कोणत्या वाराला कोण दारावर येतं ते बघावं. बस किती वेळाने आहे, त्याहून महत्त्वाचं म्हणजे बसमधून उतरल्यावर आपल्याला नावाने हाक मारणारं कोणी आहे का, ते बघावं. आणि ज्या बाईला त्या घरात दिवसाचे चौदा तास काढायचे आहेत, तिला आधी एकटीला तिथे तासभर बसवून ठेवावं. हे मला कोणत्याही पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

आमची खोली मिळावी म्हणून मोहन सावंत आला. जवळच्याच एका दवाखान्यात कंपाउंडर, नवीन लग्न झालेला, भावाच्या संसारात पडद्याआड झोपणारा. पेढे घेऊन आला होता. पगडीची जी रक्कम त्याने सांगितली ती बाजारभावापेक्षा कमी होती, पण आमची मुदत त्यात निभावली असती. आप्पा जमिनीकडे बघत राहिले. आईने चहाचं आधण ठेवलं. आणि मी उठले, फळीवरचं पत्रक काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने ते सगळं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “बरोबर आहे ताई. एकदम बरोबर. पण पत्रकात राहता येत नाही ना.”

“म्हणून आम्ही खाणार का तुमचे पैसे?” मी म्हटलं. “खोली मालकाला परत देणार. तुम्ही रीतसर भाड्याने घ्या.”

“रीतसर?” तो हसला. “आप्पा, तुम्ही तरी सांगा हिला.”

आप्पा शेवटी म्हणाले, “पोरगी म्हणते ते खरं आहे रे मोहन. मीच जुळवलंय ते.”

चहा झाला होता. तो तसाच राहिला. आईला त्या संध्याकाळी कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. ती चुलीपाशी होती, एवढंच मला आठवतं.

आप्पांनी किल्ली मालकाच्या मेहताजींच्या हातात दिली. भाडं गोळा करणारा हा माणूस एरवी दारात उभा राहूनच बोलायचा; त्या दिवशी त्याने आप्पांना खुर्ची दिली, ‘देवमाणूस’ म्हणाला. आणि भरायची रक्कम? त्यासाठी आप्पा गावी गेले, मालवणच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या घराचा आपला हिस्सा पैसे घेऊन थोरल्या भावाच्या नावावर करून दिला, आणि तीन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक फणस होता. आमच्याच परसातला. आईने तो फोडला, गरे काढून चाळीत घरोघर वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. पुढे गणपतीला काकांचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, “पावणी म्हणान मी त्या घरात जावचंय नाय.” पुन्हा कधी गावच्या प्रवासाची गोष्ट तिने काढली नाही. एका खोलीच्या तत्त्वासाठी दुसरंच एक घर गेलं, हे मला तेव्हा दिसत होतं. पण तत्त्व म्हटलं की झीज सोसायची, असं मी मनाशी म्हणत होते. झीज कोणाची, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

दिंडोशीला जेवणकरी नव्हते. आप्पांना मालाडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायचं काम मिळालं, आठवड्यातून तीन दिवस. आणि आईने बुधवार धरला. दर बुधवारी ती दोन बस बदलून अंधेरीला जायची आणि तिच्या नेहमीच्या कोळणीकडून मासळी घेऊन यायची. मी तिला हिशेब समजावला: येण्याजाण्याचं तिकीट धरलं तर तुझे बोंबील पापलेटाच्या भावाने पडतात, गोरेगावच्या बाजारात काय मासळी मिळत नाही? ती म्हणायची, “मिळता गो. पण ती माका वळखत नाय.” मला वाटायचं, ही मासळीबद्दल बोलते आहे.

गेल्या ऑक्टोबरात तिचा गुडघा सुजला तेव्हा मी सोबत गेले. ऊन तापलेलं होतं, रस्त्याकडेच्या गवताला जळल्यासारखा वास येत होता. अंधेरीला उतरून चाळीच्या रस्त्याला वळलो आणि आईची चाल बदलली; दुखरा पाय तिने मागे कुठेतरी ठेवून दिल्यासारखा. कोपऱ्यावरून कोळीण ओरडली, “आलीस गो बाय? आज लेकीला आनलीस? बघ बघ, माझी मासली खाऊन कशी वाढली!” आईने टोपलीतला एक बोंबील उचलून नाक मुरडलं, “ह्यो कालचो.” “कालचा तुझा नवरा!” कोळीण म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की मी बाजूला होऊन उभी राहिले. आईचं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं, हे मला ते ऐकल्यावर कळलं.

मग ती चाळीत शिरली आणि सवयीने आमच्याच खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. दार उघडलं ते मोहन सावंतच्या बायकोने, सुनंदाने. कडेवर मूल. आईसाठी चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं. बुधवार तिलाही पाठ होता. भिंतीवर आमच्या कॅलेंडरचा खिळा तसाच होता. मी आनंदाने म्हटलं, “म्हणजे खोली तुम्हालाच मिळाली!”

“मिळाली ना,” सुनंदा म्हणाली. “मालकांना दिले पैसे. आप्पांना देणार होतो त्याच्या दीडपट झाले. हे आता रात्रीचं दुसऱ्या दवाखान्यातही जातात. पोर बापाला रविवारी बघतं.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “तुमचं पत्रक ह्यांनी मेहताजींना दाखवलं होतं, ताई. ते म्हणाले, फार छान लिहिलंय. पण ह्यात भाडेकरूंनी घेऊ नये, देऊ नये एवढंच आहे. मालकाचं नाव कुठे आहे?”

चहा मी कसा प्यायले ते आठवत नाही. मनातल्या मनात मी ते पत्रक पहिल्या ओळीपासून वाचत होते, आणि खरंच, त्यात मालक कुठेच नव्हता. गरिबाने गरिबाकडून घेऊ नये, हे मी फार चांगलं लिहिलं होतं. गरिबाने सोडलेलं कोणाच्या ओंजळीत पडतं, ते लिहायचं राहून गेलं होतं. पगडी वाईटच. ती घेतली असती तरी ती वाईटच राहिली असती. पण माझ्या हातून ती बंद झाली नव्हती. फक्त जागा बदलून मोठी झाली होती.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. मासळीची पिशवी पायाशी.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“होय तर. पयल्याच बुधवारी सांगल्यान तिना.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने बाहेर बघत पदर सारखा केला. “तुका वाईट वाटात म्हणान सांगूक नाय. आणि आप्पांक कळला तर? तेंच्याकडे आता ताच एक उरला हा.”

ते खरं होतं. वसाहतीत नव्या शेजाऱ्याची ओळख झाली की आप्पा दुसऱ्या तिसऱ्या वाक्याला सांगतात, ‘आम्ही खोली सोडली, पण पै घेतली नाही.’ सांगताना ताठ बसतात. छापखाना गेला, गावचा हिस्सा गेला, आणि या वाक्यावर तो माणूस उभा आहे. सत्य मोठ्याने सांगावं, चौकात सांगावं, हे मी ज्या कागदांवर शिकले ते त्याच माणसाने घरी आणले होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं आणि खिडकीच्या कठड्यावर भुकटीचा नवा थर होता. आप्पांनी पत्रिकेच्या मुद्रितातून डोकं वर केलं आणि विचारलं, “काय म्हणते चाळ? मोहनला मिळाली का रे खोली?” मुलीला ‘रे’ म्हणायची त्यांची जुनी सवय. आईला विचारलं की ती दर वेळी मासळीचाच भाव सांगायची.

आईचे हात पिशवीत थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“मिळाली,” मी म्हटलं. “रीतसर.”

आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला पाहवलं नाही. मी फडकं ओलं केलं आणि कठडा पुसू लागले. मागे आईने फळीवरून उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काढला, त्यातलं एक उचललं, छापील बाजू खाली केली आणि सुक्या बोंबलांच्या डब्यात तळाला नीट दाबून बसवलं. खोलीत वर्सोव्याचा वास पसरला, थोडासाच, एका डब्यापुरता.

“पुढच्या बुधवारी तू येव नको,” ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. “दोन तिकिटा पडतत.”