अव्वाचं शिळं पाणी

राग बघायचा असेल तर आमच्या कॉलनीत नळाच्या दिवशी सकाळी यावं. सोलापुरात नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, आणि येतो तेव्हा घराघरांत लगीनघाई असते. मोटारी घरघरतात, पिंपं सरकतात. पण त्याच्या आधी एक गोष्ट ठरलेली. मागच्या खेपेचं उरलेलं पाणी, निवळशंख, झाकून ठेवलेलं, बायका गटारीत ओतून देतात. का, तर ते शिळं झालं. ताजं येतंय, मग भांडी मोकळी नकोत का? एप्रिलच्या उन्हात दगड तडकतात, चिमण्या चोच वासून बसतात, आणि गटारीला मात्र पूर येतो.

हा पूर बघून चंद्रव्वाचं डोकं फिरायचं.

चंद्रव्वा अक्कलकोटच्या खालच्या अंगाची, पार कर्नाटकाच्या कडेची. नवरा गेल्यावर कडक भाकरी थापून, वाळवून, दुकानांना घालून तिनं मल्लिनाथला वाढवलं. त्या लेकानं इथं घर बांधलं आणि आईला आणलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हात भाकरी थापून थापून फळीसारखे झालेले. सगळी कॉलनी तिला अव्वा म्हणते, म्हणजे कन्नडात आई. राग आला की तिची मराठी संपते आणि कन्नड सुरू होतं. कन्नड सुरू झालं की माणसं दारं लावून घेतात.

कॉलनीच्या मधोमध सगळ्यांच्या मालकीची मोकळी जागा होती. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. वेडी बाभूळ माजलेली, त्यात फुटक्या फरश्या आणि मेलेली कुत्री. अव्वानं पहिल्याच वर्षी कोयता उचलला. बाभळी तोडल्या, निंबाची रोपं लावली, कोपऱ्यात एक बेल लावला. पण पाणी कुठलं? मग एका नळाच्या दिवशी तिनं शेजारच्या बजाबाईचा हंडा गटारीवर ओतता ओतताच धरला.

"बजे, गेल्या खेपेला मी मोटार लावली म्हणून माज्या दारात येऊन बोंबललीस. तेच पाणी की हे! आज शिळं झालं व्हय?"

"मग काय अव्वा, शिळं पाणी देवाला चालतं का?"

"देवाला न्हाय चालत. बेलाला चालतं. चल, उचल!"

अशी ती दारोदार भांडली. गोड बोलून तिनं एकही घर जिंकलं नाही. जिंकलं ते लाजवून. हळूहळू घरागणिक एक झाड ठरून गेलं. नळ आला की आधी शिळं पाणी आपल्या झाडाला, मग भांडी घासायची. निंब माणसाच्या वर गेले. त्यांच्या सावलीत बायका डाळ निवडू लागल्या, म्हातारे तिथंच पेंगू लागले. बेलाची पानं अव्वा पूजेपुरती स्वतः तोडून द्यायची. कुणी फांदीला हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

मग अव्वा भावाकडं जत्रेला गेली, आणि परत आली तेव्हा तिची माती गेली होती.

सगळ्या जागेवर लाल-पिवळे सिमेंटचे ठोकळे बसले होते. बुंध्यापर्यंत, बोट शिरायला जागा न ठेवता, वर सिमेंटचा घट्ट गिलावा. दर्शनी बाजूला पाटी: सुशोभीकरण. हे केलं होतं कॉलनीचा अध्यक्ष मानसिंग यानं. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात त्याची म्हातारी आई तिथल्या चिखलात घसरली होती, तो राग त्याच्या मनात होता. पण त्या रागात त्यानं सिमेंट कालवलं.

"मानसिंगा, झाडं पाणी कुटनं पिणार?"

"अव्वा, त्यांची मुळं लई खोल असत्यात. बघा तरी, कसं आरशासारखं झालंय! आता अनवाणी फिरा."

"तू फीर दुपारच्याला अनवाणी! हुच्च झालास का रे? हुच्च!"

वेड्याला कन्नडात हुच्च म्हणतात हे त्या दिवशी लहान पोरांनाही कळलं.

झाडाभोवती हातभर माती मोकळी करा, एवढंच तिचं म्हणणं. मीटिंग झाली. चहा झाला. "फंडातनं झालेलं काम असं फोडता येत न्हाय," मानसिंग म्हणाला, "पुढं बघू." ज्यांनी हंडे वाहिले होते ते खाली मोबाइलमध्ये बघत बसले. अव्वाला मानसिंगपेक्षा त्या खाली घातलेल्या मानांचा राग आला.

ऊन चढलं. ठोकळे तव्यासारखे तापले. बेलाची पानं पिवळी पडून गळाली आणि त्या तापल्या फरशीवर पापडासारखी वळली.

मग एका नळाच्या दिवशी अव्वा पूर्वीसारखी शिळ्या पाण्याची घागर घेऊन निघाली आणि बेलाच्या बुडाशी ओतली. पाणी सिमेंटवर आपटलं आणि उताराला लागलं. तिनं दुसरी घागर आणली.

"अव्वा, वाया चाललंय की," बजाबाई दारातून म्हणाली.

"गटारीत ओतत हुतीस तवा न्हाय गेलं वाया?"

बजाबाई मग आत गेली आणि आपला हंडा घेऊन आली. मागून दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. कुणी कुणाला बोलावलं नाही. जो तो आपल्या झाडाशी गेला आणि ओतून आला. धूळ, निंबोळ्या, पाखरांची घाण घेऊन ते सगळं पाणी उताराच्या टोकाला गेलं. टोकाला मानसिंगचं फाटक होतं. फाटकाच्या आत जमिनीबरोबर त्याचा हौद होता. झाकण काढलेलं, नळाचं ताजं पाणी पडत होतं.

मानसिंग टॉवेलवरच बाहेर आला.

"कुणी सोडलं पाणी? सगळा हौद नासला! आता पुढचा नळ येईस्तोवर प्यायचं काय आमी?"

"बेलाला इचार," अव्वा म्हणाली. "तो उन्हाळाभर काय प्याला?"

"हे तुमी मुद्दाम केलंत!"

"व्हय. मुद्दाम झाडाला पाणी घातलं. ते तुज्या दारात यायला वाट कुणी बांधून दिली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मानसिंगचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, तेवढ्यात पडवीतून त्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. चिखलात घसरली होती तीच म्हातारी.

"मान्या, पहार आण. पयलं ते बुंदं मोकळं कर. चिखलात मी पडली हुती, झाडं न्हवती पडली."

दुपार होईपर्यंत बुंध्यांभोवतीचे ठोकळे निघाले. निंब वाचले. बेलाच्या बुडाला पहार लागली तेव्हा अव्वानं नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवं काही नव्हतं. कोरडं, काटकीसारखं.

"अव्वा, नवीन आणतो," मानसिंग हळूच म्हणाला.

"आण. तूच खड्डा घे. तूच लाव. पाणी तुज्याच घरचं."

रडली नाही ती. घरात गेली आणि त्या दिवशी तिनं भाकरी इतक्या जोरात थापल्या की भिंतीपलीकडं आवाज येत होता.

आता कोपऱ्यात गुडघ्याएवढा बेल आहे. नळाच्या दिवशी मानसिंग दोन्ही हातांत बादल्या धरून, पोट सावरत, अव्वाच्या दारावरून जातो. ती उंबऱ्यात कमरेवर हात देऊन उभी असते. राम राम नाही, हसणं नाही.

"सांडू नकोस," एवढंच म्हणते.