हौशी की धंद्याचं?

परवा काटेवाडीत पुतणीची हळद झाली. कार्यक्रम छानच झाला, पण मनात रेंगाळतंय ते वेगळंच... त्याची सुरुवात आदल्या रविवारी इंदापूरच्या एका साऊंडच्या दुकानात झाली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते आणि गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे एक छोटं डीजे मशीन आहे. दोन फिरत्या चकत्या, मधे बटणं, लॅपटॉपला जोडायचं.

संध्याकाळी गच्चीवर हेडफोन लावून बसायचं आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात अलगद उतरायचं, एवढाच माझा छंद. कालव्याकडून वारा येतो, लांबच्या वस्त्यांवर एकेक दिवा लागतो... ऐकणारं कुणी नसतं, आणि तेच बरं वाटतं.

पुतणीला हे कळलं आणि तिनं हट्टच धरला. "काकू, डीजे तर सांगितलाच आहे पप्पांनी. पण पहिलं गाणं तू लावायचंस." मी हो म्हणून बसले.

मोठ्या स्पीकरला जोडायची वायर हवी होती, म्हणून इंदापूरला गेले. दुकानदारानं मान वर न करताच विचारलं, "हौशी की धंद्याचं?" "वाजवते घरीच, पण या वेळी मांडवात लावायचंय," मी म्हटलं. मग त्यानं दोन माहितीपत्रकं पुढं सरकवली. कंपनी एकच होती, माझ्या मशीनचीच.

हौशी लोकांचं पत्रक रंगीत. गच्चीवर एक मुलगी, डोळे मिटलेले, मागे जांभळं आकाश, आणि वर 'तुमच्यातला कलाकार जागा करा'. मशीन खाली कोपऱ्यात, तेही अर्धंच.

धंद्यावाल्यांचं पत्रक पांढरं. त्यात माणूसच नाही. वजन, व्होल्टेज, धूळ, सुटे भाग... आणि मशीनच्या मागच्या बाजूचा मोठा फोटो, कारण सगळ्या वायरी तिथंच जोडायच्या असतात. हौशी माणसाला मशीनची पाठ कुणी दाखवत नाही.

मी त्या मुलीकडे बघत राहिले. गच्ची, संध्याकाळ, मिटलेले डोळे... म्हणजे दिवाळीपासून मी जे करत होते, ते कुणीतरी आधीच छापून ठेवलं होतं? ही हौस माझी होती की मला विकलेली? आणि असल्या उसन्या हौसेवर पुतणीच्या हळदीत चार लोकांपुढं उभं राहायचं? तिथंच ठरवलं, तिला नाही म्हणून सांगायचं.

शेजारी लासुर्ण्याचे विलासराव उभे होते. गाडीवर डीजे लावणारे, चांगले मुरलेले. बोलता बोलता कळलं, आमच्या हळदीची सुपारी त्यांचीच. त्यांनी रंगीत पत्रक उचललं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"का विलासराव, आता गच्चीवर नाचणार व्हय?" दुकानदारानं चिमटा काढला.

"नाचीन की. आमाला कवा कुणी असलं चित्र दावलं न्हाय. आमाला निस्तं वजन दावत्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी घरी वाजवता तवा गाणं पुरं हुतं व्हय?"

"होतं की."

"आमचं न्हाय हुत. अर्ध्यात आलं की पोरं वरडत्यात, दुसरं लाव..."

वायर घेऊन परत आले. आठवडाभर पुतणीला सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे मीच राहू दिलं.

परवा मांडवात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. विलासरावांच्या मिक्सरची पेटी उघडी होती. नॉबच्या खाचा कितीतरी हळदी जिरून पिवळ्या झालेल्या. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, चिकटपट्टीनं लावलेली, गच्चीवरची ती मुलगी.

तिला तिथं बघितलं आणि काय झालं कुणास ठाऊक, माझी भीती जराशी सैल झाली. "हितं जोडा तुमची वायर," विलासराव म्हणाले. मी जोडली.

मी एक जुनं, संथ गाणं लावलं. भाकरी थापताना जाऊबाई गुणगुणतात ते. निम्म्यावर आल्यावर मागून पोरांचा गलका सुरू झाला, "ओ काकू, दुसरं लावा की, झोप यायला लागली." माझं बोट बटणावर गेलं.

"ऱ्हाऊ द्या," विलासराव हळूच म्हणाले. "हू द्या पुरं."

मी बोट मागे घेतलं. जाऊबाई लेकीच्या गालाला हळद लावत होत्या, त्यांचा हात आपोआप गाण्याच्या लयीत संथ झाला. बायका गुणगुणायला लागल्या, पोरंही जरा गप्प झाली... विलासराव गाडीच्या फळीला डोकं टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

गाणं शेवटच्या सुरापर्यंत गेलं. मग त्यांनी डोळे उघडले, बाह्या सारल्या, आणि पुढचे दोन तास मांडव नुसता हलत होता.

मधेच पुतणी पळत आली आणि माझ्या मशीनचा नॉब तिनं हळदीच्या हातानंच फिरवला. घरी येऊन साबणाच्या फडक्यानं पुसायला घेतला, तर पिवळा डाग लालसर झाला. साबणानं हळद लाल होते, वर्गात दरवर्षी मुलांना दाखवते तेच... पण परवा माझा हात थांबला. उरलेला पिवळा तसाच ठेवला.

माझ्यातली हौस आधीपासून होती की त्या चित्रानं जागी केली, हे मला अजूनही सांगता येत नाही. विलासराव, तुमचे मात्र मनापासून आभार... तुमच्यामुळे गाणंही पुरं झालं आणि हा डागही मिळाला. तो कुणी छापलेला नाही. तो आमच्या पोरीच्या हाताचा आहे.