बाणाईच म्हणायचं

चंपाषष्ठीला संभाजीनगरात, हर्सूलच्या बंगल्यात खंडोबाची तळी भरली, भंडारा उधळला. मी पंगतीत रोडगे वाढत होते. एका पाहुण्यानं नाव विचारलं. मी सांगितलं, "बाणाई."

तो घरमालक अण्णांकडं बघून डोळा मिचकावत म्हणाला, "मजा हाय राव तुमची! घरात म्हाळसा अन् सैपाकघरात बाणाई."

अख्खी पंगत हसली. अण्णाही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंगत उठल्यावर अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, मला बोलावलं. "आजपासून तू मंगल. ते नाव आपल्या घरात नगं." पाहुण्याला कुणी अवाक्षरही बोललं नाही. नाव माझं बदललं.

ही माणसं आमच्या पिशोरची, मोठे जमीनवाले. त्यांच्या रानात माझे आबा मेंढरं बसवायचे. खत त्यांना, धान्य आम्हाला. "पोरीला संभाजीनगरला शिकवतो, घरात हातभार लावंल," असं अण्णा म्हणाले आणि आबांनी मला पाठवलं. अकरावीला प्रवेश घेऊन दिला हे खरं. पण आधी भांडी, झाडलोट, पोळ्या. वेळ उरलाच तर कॉलेज.

बाणाई म्हणजे खंडोबाची म्हाळसेनंतरची दुसरी बायको. धनगराची लेक. तिच्यापायी देव गड सोडून तिच्या बापाच्या दारी चाकर म्हणून राहिला, मेंढरं राखली. आई सांगायची, "देवानं आपल्या घरी चाकरी केली. म्हणून तुझं हे नाव." आणि त्याच देवाचा भंडारा कपाळाला फासणाऱ्यांना त्याची बायको म्हणजे ठेवलेली बाई! मला त्यांच्या भक्तीची किळस आली.

तरी मी मंगलला ओ देत राहिले. छप्पर जाईल, शिक्षण जाईल, ही भीती. पुढंपुढं तर सवयच झाली.

मग एकदा आबा भेटायला आले. बाहेर पायरीवरच बसले. आतून काकूंची हाक आली, "मंगल, चहा ठेव." बापासमोर मला ओ देववेना. मी हलले नाही. आबांनी घाबरून दाराकडं बघितलं आणि म्हणाले,

"मंगल, मालकीण बोलवत्यात. जा की."

स्वतःच्या तोंडानं. ज्यानं मला कडेवर घेऊन, बाणाई बाणाई करत रानं हिंडवली, त्या माणसानं. त्या घराचा आला नव्हता इतका राग मला बापाचा आला.

"मंगल कोण? माझं नाव बाणाई हाय," मी ओरडले.

काकू दारात आल्या. "लई माज आलाय व्हय? या घरात ऱ्हायचं तर मंगल. नायतर चालू लाग."

मी वह्या-पुस्तकं पिशवीत कोंबली आणि चालू लागले. आबा मागनं धावत आले. "लेकरा, माफी माग. त्यांनी रान बंद केलं तर मेंढरं कुठं नेऊ?"

"दुसरं रान बघू. मी मजुरी करीन अन् शिकीन. पण आबा, त्या पायरीवर तुम्हीबी परत बसायचं नाय. अन् पुन्हा मला मंगल म्हणलात, तर तुम्हालाबी ओ देणार नाय."

आबा रस्त्यातच रडू लागले. मी शब्द मागं घेतला नाही.