नळाला कान लावणारे साडू

“मुनियप्पा, बाहेर ये! बेगा बा रे, लवकर!” भर दुपारी पाण्याच्या मोठ्या नळाच्या तोंडात खांद्यापर्यंत शिरून आमचे साडू असे ओरडत होते, की होसकोटेच्या रस्त्यावरचे बैल जागच्या जागी थांबले.

अख्ख्या बेंगळुरात माणसांपेक्षा नळांशी जास्त बोललेला दुसरा गृहस्थ झाला नाही. मूळचे बेळगावकडचे, साठ सालच्या सुमारास इथे जुने नळ दुरुस्त करायच्या कामावर होते. कुठेही गेले की भांड्याला टिचकी मारायची आणि कान लावायचा. माझ्या लग्नात पंगत बसलेली आणि हे सासऱ्यांच्या तांब्याच्या बंबाला कान लावून उभे! “ह्याला आतून स्वल्प ताप आहे,” म्हणाले. संध्याकाळी बंबाचं बूड गळून पडलं. तेव्हापासून, हा माणूस एखाद दिवशी आपल्या छातीलाही कान लावेल या भीतीने सासरे त्यांच्यापासून चार हात लांब बसत.

त्या दिवशी मी साडूंचा डबा घेऊन गेलो होतो. माणूस वाकून चालेल एवढा बिडाचा जुना नळ. त्याला आतून पातळ पत्र्याचं नवं अस्तर घातलेलं. नळातलं पाणी काढून टाकून साडूंचा मदतनीस मुनियप्पा सांधे तपासायला आत गेला होता. साडूंनी सवयीने टिचकी मारली. रोज टणटणणारं अस्तर ‘थप्प’ बोललं. त्यांचा चेहराच उतरला. “पत्र्याच्या मागे पाणी शिरलंय. नळ भरलेला होता तोवर आतलं पाणी पत्र्याला रेटून धरत होतं. आता कोण धरणार?” म्हणत त्यांनी ती आरोळी ठोकली.

“एकच सांधा उरला होता, अण्णा!” कुरकुरत मुनियप्पा बाहेर आला, आणि नळाने सुस्कारा टाकला. धडाका नाही, स्फोट नाही. कुणीतरी झोपेत कूस बदलावी, तसा. वीस हात अस्तर पापडासारखं आत दुमडलं. मग सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत आतून अगदी स्वच्छ आवाज आला, “बंदे स्वामी, बंदे!” आलो, आलो.

आम्ही सगळे बाहेर होतो. मुनियप्पा तर माझा दंड धरून उभा होता. “प्रतिध्वनी आहे,” कामावर देखरेखीला आलेले साहेब म्हणाले खरे, पण जीपमध्ये जाऊन बसले. साडूंनी डबा उघडलाही नाही. नळाशी मांडी घालून दिवस मावळेपर्यंत हाका मारत राहिले. दुसऱ्या दिवशी पत्रा कापला, तर आत बेडूकसुद्धा नाही.

साडू थकले, ऐकू येईनासं झालं, तेव्हा एकदा कानाशी ओरडून विचारलं, “आपले सगळे बाहेर होते, मग हाका कुणाला मारत बसलात?”

“आतून ओ आली होती,” ते म्हणाले.